पाच रुपयांच्या तिकिटामागचा हिशेब

मे २०२५ मध्ये मुंबईच्या बेस्ट बसचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं, एसी गाडीचं ६ वरून १२. 'तोटा आटोक्यात यावा म्हणून' हे त्याचं ठरलेलं कारण.

हा तोटा अनेक वर्षं बस प्रवाशांनी नव्हे, वीज ग्राहकांनी भरला. कुलाबा ते माहीम-शीव पट्ट्यात वीजही बेस्टचीच, त्यामुळे वीजखात्याची शिल्लक परिवहनाच्या खड्ड्यात जायची. पुढे वाहतुकीच्या तुटीपोटी वेगळा आकार थेट वीजबिलात लागू लागला. ग्राहक भांडले, वाद कोर्टात गेला आणि कालांतराने तो आकार बंद झाला. पालिकेने दिलेला पैसाही बराच काळ अनुदान नव्हता, ते व्याजाचं कर्ज होतं.

खरा वाद २०१९ चा. जानेवारीत नऊ दिवस संप झाला. बेस्टचा अर्थसंकल्प पालिकेत विलीन करा, ही त्यातली मुख्य मागणी. ती मान्य झाली नाही. त्याऐवजी पालिकेने महिन्याला १०० कोटी द्यायचं ठरवलं, पण अटींवर: भाडं कमी करा, कंत्राटदाराच्या गाड्या भाड्याने घ्या आणि ताफा ७००० वर न्या. ९ जुलैपासून ८ रुपयांचं किमान तिकीट ५ रुपयांवर आलं, तेही दोनऐवजी पाच किलोमीटरसाठी. शेअर रिक्षाच्या रांगेतले लोक बस थांब्यावर परतले. वीस लाखांच्या आत घसरलेले रोजचे प्रवासी काही महिन्यांत तीस लाखांच्या घरात गेले.

तोट्याची चर्चा निघाली की बोट हटकून याच निर्णयाकडे जातं. पण त्या करारातली भाडेकपात तेवढी लगोलग झाली, ठरल्या तेवढ्या गाड्या आल्याच नाहीत. कंत्राटदाराला पैसे किलोमीटरमागे मिळतात, गाडीत सत्तर माणसं असोत की सात. मग तिकीट स्वस्त ठेवायचं तर फरक कुणीतरी भरायलाच हवा, हे करार करतानाही उघड होतं. त्यात कोविड आला. पुढे परवडत नाही म्हणून काही कंत्राटदारांनी गाड्या मध्येच काढून घेतल्या आणि बेस्टच्या स्वतःच्या जुन्या गाड्या भंगारात जातच राहिल्या. २०१० च्या सुमारास साडेचार हजारांवर असलेला ताफा भाडेवाढीच्या वेळी तीन हजारांच्याही खाली होता.