शिकोकू हेन्रो

जपानच्या चार प्रमुख बेटांपैकी सर्वांत लहान असलेल्या शिकोकू बेटाला वळसा घालणारा व ८८ बौद्ध मंदिरांना जोडणारा प्रदक्षिणामार्ग. लांबी सुमारे १,२०० किमी. मानतात, आडवाटा धरल्यास १,४०० किमी.पर्यंतचे आकडेही आढळतात. पायी पूर्ण करण्यास साधारणपणे चाळीस ते पन्नास दिवस लागतात, सायकलीने दोन आठवड्यांच्या आसपास. यात्रेकरूंसही ‘हेन्रो’च म्हणतात.

आवा (आजचे तोकुशिमा), तोसा (कोची), इयो (एहिमे) व सानुकी (कागावा) या चार जुन्या प्रांतांत अनुक्रमे २३, १६, २६ व २३ मंदिरे आहेत. पहिले र्योझेनजी, शेवटचे ओकुबोजी. तोसात मंदिरे सर्वांत कमी, पण चाल सर्वांत लांब: ३७ व ३८ क्रमांकांच्या मंदिरांमध्येच सुमारे ८० किमी. समुद्रकाठ आहे. चार प्रांत म्हणजे बोधिचित्ताचा उदय, साधना, बोधी व निर्वाण अशा चार पायऱ्या, असे सांगण्याची पद्धत आहे. ही योजना उत्तरकालीन असावी.

उगम : परंपरा हा मार्ग शिंगोन या तांत्रिक बौद्ध पंथाचा प्रवर्तक कूकाई (७७४–८३५, मरणोत्तर उपाधी कोबो दाइशी) याच्याकडे नेते. कूकाई सानुकीचाच. ८०४ मध्ये तो चीनला गेला आणि छांगआन या तेव्हाच्या राजधानीत प्रज्ञ या भारतीय भिक्षूकडे त्याने संस्कृतचे पाठ घेतले. त्याने स्वतः ८८ मंदिरे स्थापून मार्ग आखला, याला समकालीन पुरावा नाही. ७९७ च्या आपल्या ग्रंथात तो आवातील ताइर्यू पर्वत व तोसातील मुरोतो भूशिर येथे केलेल्या तपाचा उल्लेख करतो, प्रदक्षिणेचा नाही. एमोन साबुरो या धनिकाने दाइशींना भिक्षा नाकारली, त्याची मुले एकामागून एक दगावली आणि क्षमेसाठी तो बेटाला वीस फेऱ्या घालून शेवटी उलट दिशेने निघाला, ही कथा प्रसिद्ध आहे. उलट प्रदक्षिणेचे, विशेषतः लीप वर्षातील, माहात्म्य तिच्यावरच उभे आहे. इतिहास म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही.

बाराव्या शतकातील कथा व गीतसंग्रहांत शिकोकूच्या किनारी कडेकडेने फिरणाऱ्या तापसांचे उल्लेख मिळतात. त्यावरून एक मत असे, की समुद्रकाठच्या खडतर तपोभ्रमणाची प्रथा आधीची, आणि कोबो दाइशींची भक्ती तिच्यावर पुढे, शिंगोनचे मुख्य पीठ असलेल्या कोया पर्वतावरील फिरत्या साधूंच्या प्रचारामुळे बसली. हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्सुयामाच्या जोदोजी मंदिरात (क्र. ४९) मुख्य मूर्तीच्या देव्हाऱ्यावर यात्रेकरूंनी खरडलेले लेख आहेत. त्यांत १५२५ च्या सुमाराची तिथी व दाइशींचा नामघोष असल्याने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन्ही धारा एकत्र आल्या होत्या, एवढे म्हणता येते.

८८ या संख्येचा प्रश्न वेगळा. तोसाच्या डोंगराळ भागातील एका देवघंटेवर १४७१ ची तिथी व ‘अठ्ठ्याऐंशी स्थाने’ असा उल्लेख वाचला गेला होता आणि तो सर्वांत जुना पुरावा म्हणून दीर्घकाळ दिला जाई. अलीकडे या वाचनाविषयी शंका घेतल्या जातात. मानवी विकारांची संख्या, पुरुष, स्त्री व बालक यांच्या अशुभ वयांची बेरीज (४२ + ३३ + १३) अशी स्पष्टीकरणे दिली जातात, ती बहुधा पश्चात्बुद्धीची आहेत. १६५३ मध्ये चोझेन या भिक्षूने लिहिलेल्या प्रवासवहीत ८८ चा हिशेब आहे, पण तो निघाला तो आज १७ व्या असलेल्या इदोजीपासून. र्योझेनजीपासून सुरू होणारा आजचा क्रम १६८७ मध्ये शिन्नेन या साधूने छापलेल्या वाटाड्या-पुस्तिकेने रूढ केला. दोनच वर्षांनी कोया पर्वतावरील विद्वान जाकुहोन याने हा क्रम कोणी, केव्हा ठरवला ते निश्चित नाही असे लिहून तो बाजूला ठेवला व दाइशींच्या जन्मस्थानाच्या झेन्त्सूजीपासून वर्णन केले. तरी लोकांनी शिन्नेनचीच पुस्तिका हाती धरली. स्वस्त छपाई व वाटेवरचे दगडी खुणस्तंभ यांपुढे पंडिताचे आक्षेप टिकले नाहीत.

एदो काळात (१६०३–१८६८) तोसा संस्थानाने यात्रेकरूंना ठरावीक नाक्यांवरूनच प्रवेश देऊन मुक्कामाच्या दिवसांवर मर्यादा घातली होती. गरीब, आजारी व कुष्ठरोगाने घराबाहेर पडलेले लोक आयुष्यभर या वाटेवर असत. १८६८ नंतर शिंतो व बौद्ध स्थळे सक्तीने वेगळी करण्यात आली, त्यात काही मंदिरे बंद पडली. ३० व्या क्रमांकावर झेनराकुजी व आनराकुजी अशा दोन मंदिरांचा दावा त्यातूनच उभा राहिला. तो १९९४ मध्ये झेनराकुजीच्या बाजूने मिटला. १८६८ नंतरच्या त्या काळातच नाकात्सुकासा मोहेई (मृ. १९२२) याने सुमारे २८० फेऱ्या केल्या, त्याने उभारलेले दोनशेहून अधिक दगडी स्तंभ आजही वाट दाखवतात.

आचार : पांढरा अंगरखा, गवती टोपी व काठी हा वेश. काठी म्हणजे स्वतः दाइशी, म्हणून मुक्कामी पोचल्यावर आधी काठीचे टोक धुतात, मग आपले पाय. तिच्या माथ्यावर सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीत अ, व, र, ह, ख ही पंचमहाभूतांची बीजाक्षरे असतात. पुलावरून जाताना ती टेकवत नाहीत, कारण ओझू येथे आसरा न मिळाल्याने दाइशी एका पुलाखाली झोपले होते, अशी समजूत आहे. प्रत्येक मंदिरात प्रज्ञापारमिताहृदयसूत्र म्हणतात व नावाची चिठ्ठी ठेवतात. पहिल्या चार फेऱ्यांपर्यंत ती पांढरी, पन्नाशीनंतर सोनेरी, शंभरीनंतर जरीची. पूर्वी चिठ्ठीऐवजी लाकडाची वा धातूची पाटी खांबावर ठोकत. मंदिरदर्शनाला आजही ‘ठोकणे’च म्हणतात. एन्म्योजीतील (क्र. ५३) १६५० ची तांब्याची पाटी ठाऊक आहे. गावकऱ्यांनी वाटसरूस फळ, चहा, सुटे पैसे वा निवारा देणे याला ‘ओसेत्ताई’ म्हणतात. ते नाकारू नये असा संकेत आहे.

१९५३ पासून बसयात्रा सुरू झाल्या व आज बहुसंख्य यात्रेकरू वाहनानेच फिरतात. पायी व सायकलीने फिरणाऱ्यांना मंदिरांची, यात्रेकरूच्या वहीत शिक्का देणारी मोहोर कचेरी सायंकाळी ५ ला बंद होते, हे धरूनच रोजची मजल आखावी लागते. सायकलस्वारांपैकी अनेकजण ओनोमिची–इमाबारी हा सुमारे ७० किमी.चा पुलांवरील शिमानामी मार्ग पार करून बेटावर येतात. दमवणारा टप्पा शोसानजीचा (क्र. १२): पायवाटेला ‘यात्रेकरूंना गडगडवणारा चढ’ असे नाव आहे. तेथे सायकल चालत नाही. सायकलस्वार मोटाररस्त्याने लांबून वर चढतात.