गावविकास कामांसाठी शासकीय निधीची मागणी (सातारा जिल्हा)

अंतर्गत रस्ता, गटार, स्मशानशेड, पाण्याची टाकी, समाजमंदिर अशा सार्वजनिक कामांसाठी ग्रामपंचायतीने ठराव करून शासनाकडून निधी मंजूर करून घेण्याची पद्धत. बोलीभाषेत याला ‘प्रस्ताव टाकणे’ म्हणतात.

पहिला प्रश्न हेडचा, म्हणजे पैसा कोणत्या लेखाशीर्षातून (सरकारी हिशेबातल्या खात्यातून) येणार याचा. गावठाणातली कामे ‘जनसुविधा’ (ग्रामपंचायतींसाठीची अनुदान योजना) किंवा ‘पंचवीस-पंधरा’ (लेखाशीर्ष 2515) यांतून होतात. गावाबाहेरच्या रस्त्याला 3054 किंवा 5054 या रस्त्यांसाठीच्या लेखाशीर्षांचा पैसा हवा असेल, तर त्या रस्त्याला ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग म्हणून क्रमांक असावा लागतो. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडे डोंगरी विकास कार्यक्रमाचीही वाट आहे. अनुसूचित जातींच्या वस्तीतील कामे समाजकल्याण विभागाकडे जातात आणि ती वस्तीच्या बृहत आराखड्यात (पुढच्या काही वर्षांच्या कामांच्या एकत्रित यादीत) आधीच असावी लागतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळातील निधीपैकी 60 टक्के पाणी व स्वच्छतेसाठी बंधित होता, 40 टक्के अबंधित. गावाच्या विकास आराखड्यात नसलेल्या कामावर वित्त आयोगाचा पैसा खर्च करता येत नाही, म्हणून या आराखड्यावर चर्चा होते त्या 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत गावाने बोलणे फार मोलाचे असते.

ग्रामसभेची गणसंख्या (सभा वैध ठरायला लागणारी किमान हजेरी) एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल ती. ठराव मोघम नसावा. ‘गावात रस्ता करणे’ असे लिहिले की शाखा अभियंत्याला अंदाजपत्रक करता येत नाही. ‘मौजे अमुक येथे मारुती मंदिर ते प्राथमिक शाळा रस्ता काँक्रीट करणे, लांबी 180 मी., रुंदी 3 मी.’ असे लिहावे. जाडी 15 सेंमी धरली तर 81 घनमीटर काँक्रीट लागते, आणि चालू दरसूचीनुसार रक्कम त्यावरूनच निघते. ठरावाला जागेचा उतारा, अंदाजपत्रक, जागेचा फोटो आणि हे काम दुसऱ्या योजनेतून झालेले अथवा मंजूर नसल्याचा ग्रामपंचायत अधिकाऱ्याचा (पूर्वीचे ग्रामसेवक) दाखला जोडतात.

प्रस्ताव अडतो तो बहुधा जागेवर. पैसे नाहीत म्हणून रखडलेली कामे दिसतात, पण मंजूर होऊनही जागेअभावी परत गेलेला निधी जास्त जिव्हारी लागतो. स्मशानशेडसाठी एखादा शेतकरी तोंडी दोन गुंठे देतो. सातबारा काढला की त्यावर पाच-सहा सहहिस्सेदार निघतात. पाटण-जावळीत त्यांतले निम्मे मुंबईला माथाडीत (हमालीच्या कामात) किंवा नोकरीला. एकाची सही राहिली तरी संमती अपुरी ठरते. साध्या कागदावरच्या संमतीने मालकी बदलत नाही. नोंदणीकृत बक्षीसपत्र करून ग्रामपंचायतीचे नाव सातबाऱ्यावर चढवून घ्यावे, आणि हे सगळे प्रस्तावाआधी. गणपतीला किंवा गावच्या यात्रेला सगळे गावी येतात, सह्यांसाठी तेच दिवस धरावेत.

वनजमीन असेल तर वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(2) नुसार शाळा, अंगणवाडी, रस्ता, पिण्याच्या पाण्याची योजना अशा 13 सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन मिळू शकते. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. स्मशानभूमी या 13 सुविधांत नाही, तरीही या कलमाखाली तिची मागणी होते आणि त्यात महिने जातात.

प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेनंतर कार्यारंभ आदेश निघतो. आदेश मेमध्ये आला तर कमी पावसाच्या माण-खटावात काम उरकता येते. कोयना खोऱ्यात मात्र पावसाने दिवाळीपर्यंत थांबावे लागते. जिल्हा परिषदेला मिळालेला निधी पुढील आर्थिक वर्षाच्या 31 मार्चपर्यंत खर्च करता येतो, त्यामुळे तिकडच्या गावांना प्रत्यक्षात एकच उघाडीचा हंगाम मिळतो. काँक्रीट पडल्यावर किमान चौदा दिवस पाणी मारावे. टँकरचा खर्च वाचवायला हे टाळले की पहिल्याच उन्हाळ्यात तडे जातात. बिल मोजमाप पुस्तकातील (अभियंता झालेल्या कामाची मापे लिहितो त्या वहीतील) नोंदीवरून निघते, म्हणून खोदाई बुजण्याआधी अभियंत्याला बोलावून माप घ्यावे. काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला आणि उपयोगिता प्रमाणपत्र (निधी त्याच कामावर खर्च झाल्याचे) पंचायत समितीत देऊन पोच घ्यावी.