बटाटे लावण्याआधी: मंगळाच्या मातीतला परक्लोरेट

मंगळावर एकटा राहिलेला अंतराळवीर बटाटे लावतो, ती अँडी वीअरची ‘द मार्शियन’ कादंबरी अनेकांनी वाचली आहे. हायड्राझिन या रॉकेटच्या इंधनापासून पाणी करण्याचा तिचा हिशेब पक्का आहे: १ किलोत १२५ ग्रॅम हायड्रोजन, म्हणजे साधारण १.१ किलो पाणी. इरिडियमच्या उत्प्रेरकावर हायड्राझिन थेंब थेंब सोडावे लागते; घाई केली तर उष्णता आवरत नाही, आणि न जळलेला हायड्रोजन साठला की स्फोट होतो. ज्या वादळामुळे तो मागे राहतो, ते मात्र पटत नाही. तिथली हवा इतकी विरळ, की ताशी १०० किलोमीटरचा वारा इथल्या १३ किलोमीटरच्या झुळकीएवढाच रेटा देतो.

खरी अडचण मातीत आहे. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या दोन्ही व्हायकिंग यानांनी माती ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली. निघाले फक्त क्लोरोमिथेन आणि डायक्लोरोमिथेन, तेही अब्जात काही भाग. उपकरणे धुतलेल्या द्रावकाचे ते अंश, असे ठरले. त्याच यानांवर मातीला पोषकद्रव्य दिल्यावर वायू सुटला होता आणि १६० अंशांना तापवलेल्या मातीत तो सुटला नव्हता; पण सेंद्रिय, म्हणजे कार्बनयुक्त, काहीच नाही, तर जीवाचा प्रश्न कुठला, म्हणून हा संकेतही मागे पडला. हा निर्णय घाईचा होता.

२००८ मध्ये नासाच्या फिनिक्स यानाने घनसेंटिमीटरभर माती पाण्यात कालवली. नायट्रेटसाठी बसवलेल्या इलेक्ट्रोडचा संकेत एवढा मोठा आला, की तितके नायट्रेट मातीपेक्षाही जड भरले असते. तो परक्लोरेट, म्हणजे क्लोरीन आणि ऑक्सिजन असलेला क्षार होता, वजनाने सुमारे अर्धा टक्का. थंडीत हा क्षार स्वस्थ असतो. तापवला की ऑक्सिजन सोडतो, सेंद्रिय रेणू जाळतो आणि क्लोरीनयुक्त तुकडे मागे ठेवतो. २०१० मध्ये चिलीतल्या अटाकामा वाळवंटाच्या मातीत परक्लोरेट मिसळून ती तापवली, तर तीच दोन संयुगे निघाली. म्हणजे व्हायकिंगने जे शोधायचे तेच भट्टीत जाळले असण्याची शक्यता मोठी आहे. पुढे विषुववृत्ताजवळच्या गेल विवरातही परक्लोरेटच्या खुणा मिळाल्या.

‘माती’ हा शब्दही फसवतो. तिथे ह्यूमस, म्हणजे कुजलेला पालापाचोळा, नाही; आहे तो बेसॉल्टचा चुरा. त्यात विष्ठेचे खत घातले तरी परक्लोरेट उरतोच. पिके तो शोषून पानांत साठवतात आणि खाणाऱ्याच्या थायरॉइडला आयोडीन घेता येत नाही. तो पाण्यात सहज विरघळतो, तेव्हा आधी माती धुवायची. १०० किलो मातीतून अर्धा किलो क्षार निघेल. ते पाणी ऊर्ध्वपातन करूनच परत वापरायचे, नाहीतर क्षार पुन्हा वाफ्यात येतो. कादंबरीत ही धुण्याची पायरीच नाही.