सीआरटी उपचार आणि रक्तातील दर्शके

हृदयविफलतेत बसवल्या जाणाऱ्या सीआरटी यंत्राचा फायदा कोणत्या रुग्णाला होईल, याचा अंदाज घेण्यासाठी रक्तात मोजले जाणारे पदार्थ. सीआरटी म्हणजे डाव्या कप्प्यालाही वायर जोडलेला पेसमेकर.

डावीकडची विद्युतवाहिनी अडली की डाव्या कप्प्याची एक भिंत आधी आवळते, समोरची मागाहून. किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या दोन्ही दोरांवर जोर एकदम पडला नाही तर जाळे वाकडे येते, तसेच हे. यंत्र हा जोर एका वेळी आणते. ८१३ रुग्णांच्या ‘केअर-एचएफ’ चाचणीत (२००५) त्याने मृत्यू कमी झाल्याचे दिसले. तरीही सुमारे एक तृतीयांश रुग्णांना अपेक्षित गुण येत नाही. सिंधुदुर्गातून गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात किंवा घाट चढून कोल्हापूरला जाणाऱ्या कुटुंबाला हे आधी कळले तर हवेच असते.

सर्वांत रुळलेले दर्शक एनटी-प्रोबीएनपी, म्हणजे बीएनपी या संप्रेरकासोबतच तयार होणारा तुकडा. बीएनपी १९८८ मध्ये जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत सापडले, म्हणून नावात ‘ब्रेन’ अडकले. प्रत्यक्षात ते मुख्यतः ताणलेल्या हृदयातून येते. आकडा चढा म्हणजे हृदय थकलेले. पण यंत्र लागू पडणार नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. गॅलेक्टिन-३ व एसटी२ ही प्रथिने आणि तंतूंतल्या कोलॅजेनचे तुकडे यांच्यामागचा तर्क आकर्षक आहे: स्नायूची जागा चिवट तंतूंनी घेतली असेल तर वायर काय करणार? अभ्यासांचे निकाल मात्र एकमेकांशी जुळले नाहीत. निवड आजही ईसीजी आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) यांवरच होते: पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातून बाहेर पडणारा रक्ताचा वाटा, ३५ टक्के किंवा कमी, डावी वाहिनी अडलेली आणि क्यूआरएस (ईसीजीतली खालचे कप्पे चेतवणारी लहर) १५० मिलिसेकंद किंवा अधिक रुंद, म्हणजे नेहमीच्या वेगाच्या ईसीजी कागदावर जवळजवळ चार बारीक चौकोन.

रक्ततपासणीचा खरा उपयोग यंत्र बसवल्यानंतर, आधीच्या आकड्याशी ताडून पाहण्यात आहे. देवगडहून नमुना दूरच्या लॅबला जायचा असेल तर एनटी-प्रोबीएनपी सोयीचे, कारण बीएनपी नळीत लवकर विघटित होते. सॅक्युबिट्रिल हे हृदयविफलतेचे औषध घेणाऱ्यांत बीएनपी त्यामुळेच वाढते. वय, मूत्रपिंडाचा आजार आणि अनियमित ठोके आकडा चढवतात, लठ्ठपणा उतरवतो. आणि तपासणीआधी चार दिवस खारट सुक्या बांगड्याची किसमूर चापून, मिठाने पाणी साठून पाय सुजले असतील, तर वाढलेल्या आकड्याचे खापर बिचाऱ्या यंत्रावर फुटते.