प्रवाळभित्तीतील खेकडे : समुद्रपातळी, अधिवास आणि जनुकीय विविधता

एकाच जातीच्या खेकड्यांमध्ये डीएनएच्या पातळीवर जे वेगळेपण आढळते, ती त्या जातीची जनुकीय विविधता. प्रवाळभित्तीतल्या खेकड्यांत ती किती उरली आहे, हे ठरवण्यात हिमयुगांत खालीवर झालेल्या समुद्राचा मोठा हात आहे. मात्र सगळ्या जातींना सारखा फटका बसला नाही. खेकडा भित्तीवर नेमका कुठे राहतो, यावर बरेच काही अवलंबून होते.

सोलापूरकराला हे समजायला समुद्रावर जावे लागत नाही. उन्हाळ्यात उजनी धरणाचा उपयुक्त साठा संपून ते ‘वजा’त गेले की करमाळ्याकडच्या उथळ फुगवट्यात पाणी कितीतरी मागे हटते, गाळपेराची जमीन उघडी पडते, पलीकडे इंदापूर तालुक्यात पळसदेवचे जुने मंदिर वर येते. विहिरीचे पाणी तेवढेच फूट उतरले, तरी कडा उभ्या असल्यामुळे पाण्याचा घेर जवळपास तेवढाच राहतो. समुद्रातही हाच फरक पडला.

सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा १२० ते १३० मीटर खाली होता. मुंबईसमोरची रुंद समुद्रबूड जमीन बहुतेक कोरडी पडली होती. विजयदुर्गासमोरच्या खोल समुद्रात आज पाण्याखाली असलेले आंग्रिया बँक हे प्रवाळपठार तेव्हा उघडे होते. लक्षद्वीपची खारकच्छे, म्हणजे बेटांच्या कड्यांतली उथळ तळी, आटली होती. पूर्वेला ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी यांच्यामधली टॉरेस सामुद्रधुनी बंद होऊन हिंदी आणि प्रशांत महासागरांमधली एक वाट बुजली होती. खारकच्छात आणि उथळ मंचावर राहणाऱ्या खेकड्यांचे घरच गेले. बाहेरच्या उभ्या उतारावरचे प्रवाळ मात्र पाण्याबरोबर खाली सरकत गेले आणि त्यांच्या आधाराने राहणारे खेकडेही.

ट्रॅपेझिया हा असाच प्रवाळाला बांधलेला खेकडा. अंगठ्याच्या नखाएवढा, गुळगुळीत पाठीचा. पोसिलोपोरा या फांद्याफांद्यांच्या प्रवाळात नर-मादीची जोडी ठाण मांडून बसते आणि प्रवाळाच्या चिकट स्रावावर जगते. प्रवाळ खाणारा काटेरी तारामासा चढू लागला, की हा एवढासा जीव त्याच्या नळीपायांना चिमटे काढून त्याला हुसकावतो. प्रवाळ मेला तर ट्रॅपेझियालाही थारा राहत नाही. म्हणून त्याच्या डीएनएत यजमान प्रवाळाचाही इतिहास शोधता येतो.

हा इतिहास वाचायला पायाचा छोटा तुकडा पुरतो. त्यातल्या मायटोकाँड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातल्या), फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएचा साधारण ६५८ अक्षरांचा एक ठरलेला तुकडा अनेक खेकड्यांत ताडून पाहतात. मधोमध एक सर्वसाधारण नमुना आणि भोवती एकेका अक्षराने वेगळे असंख्य नमुने, अशी चांदणीसारखी आकृती निघाली, तर थोड्या माद्यांपासून संख्या झपाट्याने वाढली असावी, असा तर्क करतात. आधी अधिवास आकसला की दुर्मिळ नमुने प्रथम गळतात. पुढे समुद्र भरला, की खेकड्यांची संख्या लवकर भरून येते. गेलेले वैविध्य मात्र नव्या उत्परिवर्तनांतूनच, म्हणजे डीएनएत आपोआप होणाऱ्या बदलांतूनच येणार, आणि त्याला हजारो पिढ्या लागतात.

तरी चांदणी दिसली की लगेच हिमयुगाकडे बोट दाखवू नये. एखादा उपयुक्त जनुकीय बदल साऱ्या जातीत झपाट्याने पसरला तरी तशीच आकृती उमटते. त्यामुळे एकाच तुकड्यावर न थांबता केंद्रकातले जनुकही तपासावे लागतात, आणि त्याच भित्तीवर वेगळ्या अधिवासात राहणाऱ्या दुसऱ्या जातीशी तुलना करावी लागते. या विषयातला सर्वांत बोलका पुरावा अशा जोडीतुलनेतूनच मिळतो.

भित्तीवरच्या बहुतेक खेकड्यांची पिल्ले झोइया आणि मेगालोपा या अवस्थांत काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहतात, त्यामुळे दूरच्या भित्तींतली जनुके मिसळत राहतात. आपल्या भीमेकाठच्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचे तसे नाही. त्यांच्या अंड्यांतून थेट इवले खेकडेच बाहेर पडतात आणि काही दिवस आईच्या पोटाखालच्या झडपेत राहतात. त्यामुळे त्यांना फार दूर जाता येत नाही.

आज समुद्र भरलेला आहे, पण अधिवास पुन्हा आकसतो आहे. १९९८, २०१० आणि २०१६ साली तापलेल्या पाण्याने लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. अशा वेळी फांद्यांचे प्रवाळ आधी दगावतात, आणि ट्रॅपेझियाची जोडी राहते ती त्याच फांद्यांत.