विद्युत परिपथातील मूलभूत राशी

विद्युत परिपथाचे सारे गणित विद्युतप्रभार, विद्युतधारा, विभवांतर, शक्ती आणि ऊर्जा या पाच राशींवर उभे असते. घटक धारेला किती अडवतो हा त्याचा गुणधर्म सांगणारा रोध (एकक ओहम) त्यांच्या जोडीला येतो. धारा घटकातून वाहते आणि विभवांतर दोन बिंदूंच्या दरम्यान असते, हा भेद पक्का झाल्याखेरीज पुढचे काहीच नीट कळत नाही. बोलण्यात मात्र तो पुसला जातो. सोलापूरच्या पूर्व भागात संध्याकाळी यंत्रमाग मंदावले की ‘करंट कमी येतोय’ असे सहज म्हटले जाते. तेव्हा कमी झालेले असते ते व्होल्टेज, म्हणजेच विभवांतर, आणि मोटरीतला करंट त्याच वेळी बहुधा वाढलेला असतो.

प्रभाराचे एकक कूलोम आहे. एक कूलोम प्रभारासाठी सुमारे ६.२४ गुणिले १० चा १८वा घात इतके इलेक्ट्रॉन लागतात. परिपथाच्या एखाद्या छेदातून सेकंदाला एक कूलोम प्रभार जात असेल, तर तेथील धारा एक अँपिअर होय. पूर्वी अँपिअरची व्याख्या दोन समांतर तारांमधील बलावरून केली जात असे. २० मे २०१९ पासून ती इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचे मूल्य निश्चित धरून केली जाते. धारेची रूढ दिशा धन प्रभाराच्या वहनाची मानतात, त्यामुळे धातूच्या तारेत इलेक्ट्रॉन त्या दिशेच्या उलट सरकतात. हे सरकणे अत्यंत संथ असते: एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर एकदिश धारा वाहत असताना इलेक्ट्रॉन तासाभरात जेमतेम २६ सेंटिमीटर पुढे जातात. बटण दाबताच दिवा लागतो तो विद्युतक्षेत्र तारेच्या लांबीभर जवळजवळ तत्क्षणी प्रस्थापित होते म्हणून.

एक कूलोम प्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत नेताना जितक्या ज्यूल ऊर्जेची देवघेव होते, तितके व्होल्ट त्या दोन बिंदूंमधील विभवांतर असते. ‘या बिंदूचे व्होल्टेज’ असे म्हणताना दुसरा बिंदू, बहुतेक वेळा न्यूट्रल किंवा अर्थिंग, मनात गृहीत धरलेला असतो. घरगुती पुरवठ्याचे २३० व्होल्ट हे प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या, विभवांतराचे वर्ग-माध्य-मूळ मूल्य (तितकीच उष्णता देणाऱ्या स्थिर विभवांतराइतके) आहे. क्षणिक मूल्य सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढते.

हा भेद वायरमनच्या हातात स्पष्ट दिसतो. व्होल्टेज पाहायचे तर मल्टिमीटरच्या दोन पिना दोन ठिकाणी टेकवाव्या लागतात. करंट पाहायचा तर क्लॅम्प मीटरचा जबडा उघडून तो एकाच तारेभोवती बसवतात. मोटरीला जाणाऱ्या फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा जबड्यात एकत्र घेतल्या तर मोटर जोरात चालू असूनही मीटर शून्य दाखवतो, कारण दोन्हींतील धारा सारख्या आणि परस्परविरुद्ध दिशेच्या असतात. विद्यार्थ्याने हा प्रयोग एकदा जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पाहावाच. जितकी धारा आत जाते तितकीच बाहेर येते, हे त्यातून जसे उमगते तसे आकृतीवरून उमगत नाही. किर्खहोफ यांनी १८४५ मध्ये मांडलेल्या दोन नियमांपैकी पहिला याच गोष्टीचा आहे; कोणत्याही बंद वाटेवरील विभवांतरांची चिन्हांसह बेरीज शून्य येते, असे दुसरा सांगतो.

विभवांतर आणि धारा यांचा गुणाकार म्हणजे शक्ती; तिचे एकक वॅट. धारा घटकाच्या धन टोकातून आत शिरत असेल तर घटक शक्ती घेतो, बाहेर पडत असेल तर देतो. प्रत्यावर्ती पुरवठ्यात सरासरी शक्तीसाठी या गुणाकाराला शक्तिगुणकाचीही (धारा आणि विभवांतर कितपत एका तालात चढउतार करतात हे सांगणाऱ्या, जास्तीत जास्त एक असणाऱ्या अंकाची) जोड द्यावी लागते. शक्तीला काळाने गुणले की ऊर्जा मिळते. वीजबिलातले एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात ३६ लाख ज्यूल.

या राशी एकमेकींत कशा गुंततात हे मागाच्या शेडमध्ये चांगले दिसते. मीटरपासून ४० मीटरवर शेड आहे आणि तेथवर चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार नेली आहे असे समजू. जाण्यायेण्याच्या ८० मीटर तारेचा रोध सुमारे ०.३७ ओहम भरतो. सहा अँपिअर घेणारी एक मोटर चालू असता तारेवर २.२ व्होल्ट खर्ची पडतात आणि सुमारे १३ वॅट उष्णतेत जातात. अशा चार मोटरी चालू झाल्या की धारा २४ अँपिअर होते, तारेवर ८.९ व्होल्ट पडतात आणि उष्णता २१३ वॅटपर्यंत जाते. धारा चौपट झाली, पण उष्णता सोळापट झाली, कारण ती धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दहा तासांत दोन युनिटांहून अधिक वीज एकही धागा न विणता तारेतच संपते. त्यात सोलापूरचा मे महिना: तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढत असल्यामुळे २० अंशांवर मोजलेला रोध ४५ अंशांवर जवळजवळ दहा टक्क्यांनी जास्त भरतो.

१८२७ मध्ये प्रसिद्ध झालेला ओहम यांचा नियम, म्हणजे स्थिर तापमानाला विभवांतर हे धारा आणि रोध यांच्या गुणाकाराइतके असते हा, तारेला आणि शेगडीला लागू पडतो. मोटरीला तो सरळ लावता येत नाही. व्होल्टेज उतरले की शेगडी कमी धारा घेते. भार तोच ठेवलेली प्रवर्तन (इंडक्शन) मोटर मात्र जवळजवळ तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी अधिक धारा ओढते, वायंडिंग तापते आणि शेवटी जळते. कमी व्होल्टेजमध्ये मोटर का जळते, या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

हेच गणित मोठ्या अंतरासाठी उच्च विभवांतर वापरायला लावते. सोलापूरजवळच्या एनटीपीसी औष्णिक केंद्रात ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत. अशा एका संचाइतकी शक्ती त्रिकला (थ्री-फेज) पद्धतीने, शक्तिगुणक एक धरून, ११ किलोव्होल्टवर वाहून न्यायची तर प्रत्येक तारेत सुमारे ३४,६०० अँपिअर लागतील. ७६५ किलोव्होल्टवर सुमारे ५०० अँपिअर पुरतात, आणि तीच तार वापरली तर तिच्यातील उष्णता सुमारे ४,८०० पटींनी घटते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी एकाच वारंवारतेने जोडले गेले.