मतदानाला आलेला स्फटिक

द्रावणातल्या नॅनोकणांचा द्रावक हळूहळू उडू दिला, की ते आपणहून रांगा धरतात. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत मरे, केगन आणि बावेंडी यांनी १९९५ मध्ये कॅडमियम सेलेनाइडच्या नॅनोकणांचे असे स्फटिक दाखवले. या रांगा लावतं कोण, हा प्रश्न मात्र त्याहून बराच जुना.

समजा, टणक गोळे आहेत. एकमेकांना ओढत नाहीत, फक्त एकमेकांत घुसू शकत नाहीत. दाटी केली तर त्यांचा स्फटिक होईल? होईल, असं रसायनशास्त्रज्ञ जॉन कर्कवूड यांचं मत. अनेकांना ते पटेना. ओढच नाही तर गोळे शिस्तीत बसतील कशाला? १९५७ मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकेनच्या परिषदेत भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज उलेनबेक यांनी यावर चक्क हात वर करायला लावले. मतं जवळपास निम्मी-निम्मी पडली!

निकाल त्याच वर्षी संगणकाने दिला. अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत बर्नी आल्डर आणि थॉमस वेनराइट यांनी गोळ्यांची टक्कर न् टक्कर मोजली. लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत वुड आणि जेकबसन यांनी माँटे कार्लो पद्धत, म्हणजे गोळे यादृच्छिकपणे हलवून पाहण्याची रीत, वापरली. गोळे किती? कधी ३२, कधी १०८. एका भिंतीतून बाहेर पडलेला गोळा समोरच्या भिंतीतून आत घ्यायचा, ही युक्ती, म्हणून एवढ्यावर भागलं. दोन्हीकडे उत्तर एकच: स्फटिक होतो. १९६८ मध्ये हूव्हर आणि री यांनी आकडेही दिले. गोळ्यांनी ४९.४ टक्के जागा व्यापली की गोठायला सुरुवात, ५४.५ टक्क्यांपुढे सगळा स्फटिक.

कारण एन्ट्रॉपी, म्हणजे कणांना किती तऱ्हांनी राहता येतं त्याचं माप; ते वाढण्याकडे निसर्गाचा कल असतो. एरवी तिला गोंधळाचं माप म्हणतात, म्हणून ऐकायला उलटं वाटतं, पण गच्च भरलेल्या कपाटात कपडे घडी करून ठेवले की हात फिरवायला जागा होते, तसंच हे. रांगेत बसल्यावर प्रत्येक गोळ्याला हलायला थोडी जास्त मोकळीक मिळते. प्रत्यक्ष कलिलात, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या बारीक कणांच्या मिश्रणात, हे चित्र पुसी आणि व्हॅन मेगन यांनी दाखवलं, तेही १९८६ मध्ये.

गोळ्यांपलीकडची मजा मिशिगन विद्यापीठात शॅरन ग्लॉट्झर यांच्या गटाने काढली. २००९ मध्ये संगणकावर नुसत्या चतुष्फलकांतून (चार त्रिकोणी बाजूंच्या आकारांतून) क्वासिक्रिस्टल, म्हणजे क्रम असलेली पण तंतोतंत पुनरावृत्ती नसलेली रचना, तयार झाला. २०१२ मध्ये १४५ बहुफलक (सपाट बाजूंचे आकार) तपासले, त्यांपैकी १०१ आपणहून रचले गेले. केवळ आकाराच्या जोरावर.

खरे नॅनोकण इतके साधे नसतात. त्यांच्यावर सेंद्रिय रेणूंचं केसाळ पुट असतं, ते एकमेकांना ओढतातही. संगणकावरच्या अशा प्रतिकृतीत, म्हणजे सिम्युलेशनमध्ये, ही ओढ हवी तेव्हा बंद करता येते, आणि उरलेली रचना नुसत्या दाटीची किती, ते दिसतं.